एकाच आडनावाची दोन लायसनं

विंग कमांडर साहेब आमच्या फ्लाइंग क्लबात पहिल्यांदा आले तो मंगळवार होता आणि सकाळचे नऊ वाजून एक मिनिट झालं होतं. ते एक मिनिट मी मुद्दाम सांगते, कारण मी ऑफिसचं कुलूप काढत होते आणि ते माझ्या मागे उभे राहून मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"ऑफिस नऊला उघडतं असं पाटीवर लिहिलंय," ते म्हणाले.

"उघडतंय की," मी म्हटलं.

बूट इतके चकचकीत की त्यात मला माझं तोंड नको तेवढं स्वच्छ दिसलं. निळा ब्लेझर, त्याच्या खिशावर सोनेरी जरीचे पंख. हवाई दलातून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते म्हणे, पण पाठीचा कणा अजून ड्यूटीवरच होता. आत आल्यावर ते बसले नाहीत. खिडकीतून बाहेर बोट दाखवून म्हणाले, "ते पांढरं, चार सीटचं. तासभर हवंय. आत्ता."

कोपऱ्यावरून सायकल मागावी तसं.

मी या क्लबाची क्लार्क. बावीस वर्षं झाली. विमान कोण नेतं, कधी परत आणतं, कुणाची वैद्यकीय तपासणी कधी संपते, हे सगळं माझ्या रजिस्टरात असतं. मला विमान चालवता येत नाही, पण माझ्या नोंदीशिवाय इथलं एक चाक हलत नाही. तेव्हा मी रोज सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "लायसन?"

त्यांनी खिशावरच्या पंखांवर बोटानं दोनदा टकटक केलं.

"छान आहेत," मी म्हटलं. "लायसन?"

"मॅडम, तीन हजार दोनशे तास उडवलंय मी. लढाऊ विमानं. एकदा जळत्या विमानातून खुर्चीसकट बाहेर पडलोय. दहा वर्षं पोरांना शिकवलंय."

"साहेब, सगळं खरंच असणार. पण फॉर्मवर रकाना आहे, लायसन नंबर. तिथे मी काय पंख काढू?"

एवढ्यात आमची चिमणी आत आली. चिमणी म्हणजे आमची मुख्य प्रशिक्षक. वय सत्तावीस, उंची पाच फूट व्हायला थोडी कमी, आणि रेडिओवर बोलायला लागली की टॉवरवाल्यांना मध्ये शिरायला जागा मिळत नाही, म्हणून चिमणी. तोंडावर तिला सगळे कॅप्टन म्हणतात. तिनं पंख पाहिले, माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं. असे वर्षाला दोन-तीन तरी येतात.

"सर, बसा ना," ती म्हणाली. "पंख तुम्हाला हवाई दलानं दिले. दलाचं विमान, दलाच्या हुकमानं उडवायला. नोकरी संपली, तिथे ते संपलं. हे विमान नागरी आहे, याला नागरी विमान खात्याचं लायसन लागतं. तुमचे तास मोजून घेतात, त्यामुळे पहिलीपासून शिकायला नको. पण अर्ज, खात्याच्या डॉक्टरची तपासणी, नियमांची परीक्षा, रेडिओचं प्रमाणपत्र आणि शेवटी उडवून दाखवायची चाचणी."

"चाचणी कोण घेणार?"

"मी."

साहेबांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "काल-परवापर्यंत मी बॉम्ब घेऊन सरहद्दीवर फिरू शकत होतो, आणि आज बायकोला घेऊन त्या टेकडीला एक चक्कर मारू शकत नाही?"

"बरोबर," चिमणी म्हणाली. इतक्या गोड आवाजात की मीच खाली मान घातली.

मग साहेब थोडे मऊ झाले. खुर्चीत बसले, तेही टेकून नाही. म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तिला एकदाही विमानातून नेलं नाही मी. माझ्या विमानाला खुर्चीच एक, शिकवायच्या विमानाला दुसरी असायची ती शिकाऊ पोराची. आता न्यायचंय. जरा घाबरट आहे ती, गच्चीच्या कठड्याशीसुद्धा जात नाही. तेव्हा हळूच, न सांगता आणणार आहे."

मी अर्जाचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी तो हात पूर्ण लांब करून धरला, डोळे बारीक केले आणि भरायला घेतला. आडनाव लिहिलं. मग पत्ता लिहिला: पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला, उजवीकडचं दार.

तेच आडनाव, तीच टाकी, तोच मजला माझ्या रजिस्टरात नऊ महिन्यांपासून होता. लायसन नंबरसकट. मी रजिस्टर पटकन मिटलं आणि त्यावर कोपरं टेकून बसले. साहेब जाईपर्यंत मी हलले नाही.

आता हे रजिस्टरातलं आडनाव कुठून आलं ते सांगते.

साहेबांची शेवटची बदली एका दूरच्या तळावर होती, तिथे कुटुंबाला मनाई. अडीच वर्षं. त्यांची बायको इथल्या शाळेत गणित शिकवते. आम्ही तिला बाईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी नववीची बत्तीस मुलं घेऊन बाई क्लब बघायला आल्या होत्या. चिमणीनं मुलांना विचारलं, वारा बाजूनं येत असेल तर विमानाचं नाक कुठे धरायचं? मुलं छताकडे बघायला लागली. बाईंनी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, त्यावर त्रिकोण मांडला आणि अंशात उत्तर दिलं. चिमणीनं वाराही बघितला, त्रिकोणही बघितला, आणि म्हणाली, "बाई, शनिवारी मोकळ्या आहात का?"

बाई शनिवारी मोकळ्या होत्या. पुढच्या शनिवारीही होत्या. पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या तेव्हा तोंडावर असं हसू होतं की त्या मला दहा वर्षांनी लहान वाटल्या. गच्चीच्या कठड्याचं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "कठड्याला स्टिअरिंग नसतं ना ताई. माझ्या हातात असलं की मला भीती वाटत नाही."

लायसन मिळालं त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "आमच्या ह्यांना यातलं काही कळता कामा नये. मी सांगेन, माझ्या वेळेनं."

मी शब्द दिला. आमच्या घरात माझ्या नवऱ्याचं मत आहे की माझ्या पोटात गरम पाणीही राहत नाही. पण बाईंचं गुपित मी राखलं, आणि त्याचा मला अभिमान होता.

मंगळवारी दुपारी मी शाळेत फोन केला. "बाई, साहेब आले होते."

पलीकडे बाई हसायला लागल्या. "लायसन मागितलंत?"

"मागितलं."

"पंख दाखवले?"

"दाखवले."

"असू दे," बाई म्हणाल्या. "करू दे त्यांना परीक्षा. तुम्ही फक्त त्यांना शनिवारी बोलावू नका."

तेव्हापासून माझी कसरत सुरू झाली. साहेब सोमवार ते शुक्रवार, बाई शनिवार. घरी बाईंनी सांगून ठेवलं होतं, शनिवारी माझे जादा तास असतात. यात खोटं एक अक्षर नव्हतं. तास जादाच होते, फक्त शाळेतले नव्हते.

साहेबांची कागदपत्रं म्हणजे एक वेगळंच प्रकरण. त्यांची हवाई दलाची तासांची वही जाडजूड, कडा झिजलेली. त्यात प्रत्येक उड्डाणापुढे वरिष्ठाची सही आणि कामगिरीचा नंबर. नागरी खात्याला मात्र हवं होतं, दिवसा किती, रात्री किती, एकट्यानं किती, दूरच्या प्रवासाचे किती. दोन्ही वह्या विमानाच्याच, पण एकीचं दुसरीला कळत नव्हतं. तीन दिवस साहेब माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बेरजा करत होते.

मग डॉक्टर. खात्यानं नेमलेला डॉक्टर म्हातारा आणि तोंडाळ. त्यानं साहेबांना बारीक अक्षरांचा कागद वाचायला दिला. साहेबांनी हात लांब केला. डॉक्टर म्हणाला, हात जवळ. साहेब म्हणाले, "मला शत्रू आठ मैलांवरून दिसतो."

"शत्रू दिसेल हो," डॉक्टर म्हणाला, "नकाशा दिसणार नाही." आणि दाखल्यावर लिहिलं: जवळचं बघायला चष्मा लावावा, शिवाय एक जादा चष्मा विमानात बाळगावा. ती ओळ साहेबांनी मला दाखवली ती, एखाद्यानं पोलिसाची पावती दाखवावी तशी.

आणि मग नियमांची परीक्षा. सत्तर गुणांना पास. साहेब म्हणाले, दहा वर्षं शिकवलंय, वाचायचं काय त्यात. निकाल क्लबच्या पत्त्यावर येतो, त्यामुळे लिफाफा मीच उघडला. अठ्ठावन्न.

साहेबांनी कागद घेतला, चष्मा लावला, परत काढला. "अशक्य," म्हणाले.

चिमणीनं चुकलेले प्रश्न काढून समोर ठेवले. दोन विमानं एकाच उंचीवर, दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतायत, तर बाजूला कुणी व्हायचं? साहेबांचं उत्तर: ज्याचा वेग जास्त, त्यानं वर निघून जावं.

"सर, ज्याला दुसरं विमान आपल्या उजवीकडे दिसतं, त्यानं वाट द्यायची," चिमणी म्हणाली.

"आमच्याकडे वाट देत नसत. शेपटीमागे जाऊन बसत."

"इथे शेपटीमागे बसलात तर तो तक्रार करेल, सर."

पुढचा प्रश्न मांडीवरच्या तान्ह्या मुलाला पट्टा कसा बांधायचा, हा. ते उत्तर कोरंच होतं. साहेब हताश होऊन म्हणाले, "अहो, माझ्या विमानात मांडी असायची. मूल कुठून येणार?"

चिमणी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. साहेब माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक विनंती. घरून फोन वगैरे आला तर परीक्षा पुढे ढकलली असं सांगा. बायकोला कळायला नको. ती गणिताची आहे, गुणांच्या बाबतीत फार कडक."

मी त्यांनाही शब्द दिला. आता एका छपराखालची दोन गुपितं माझ्याकडे होती आणि दोघंही मला विश्वासाचं माणूस समजत होते. खरं सांगायचं तर बाईंना मी संध्याकाळीच गुण सांगितले. त्या म्हणाल्या, "अठ्ठावन्न? घरी आले ते म्हणाले, परीक्षकच आजारी पडला."

असे पाच आठवडे गेले. सहाव्या शनिवारी सकाळी अकराला दार उघडलं आणि साहेब आत आले.

"आज कसे?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"नियमांच्या पुस्तकातलं एक पान फाटलंय. झेरॉक्स हवी होती. ती जादा तासांना गेलीय, घरी बसून काय करणार?"

बाई त्या क्षणी हवेत होत्या. एकट्या, पांढऱ्या चार सीटच्या विमानात. आणि माझ्या खिडकीत रेडिओ चालू असतो, टॉवरचं सगळं बोलणं ऑफिसात ऐकू येतं. मी रेडिओ बंद करायला हात घातला, तर बटणच माझ्या हातात निघून आलं. रेडिओतून खरखर आली आणि पाठोपाठ बाईंचा आवाज. शेवटच्या वळणावर आहे, उतरतेय. टॉवरनं सांगितलं, वारा उजवीकडून, वेग चौदा, मध्येच वीस.

साहेबांनी कान टवकारले. "कोण आहे ही?"

"सभासद आहेत एक," मी म्हटलं. रेडिओवर सगळ्यांचाच आवाज नाकातून येतो, हे माझं नशीब.

"आवाज स्थिर आहे. एवढ्या वाऱ्यात." ते खिडकीशी गेले. मी मागे जाऊन उभी राहिले. विमान वाऱ्यात तिरकं, खेकड्यासारखं येत होतं. जमिनीजवळ आल्यावर नाक सरळ झालं, उजवा पंख जरासा खाली, उजवं चाक आधी टेकलं, मग डावं, मग पुढचं. धावपट्टीच्या मधल्या रेषेवर, आखल्यासारखं.

"वा!" साहेबांनी खिडकीच्या चौकटीवर थाप मारली. "बघितलंत? एक चाक आधी! ही दलातलीच असणार. हे माझ्या पोरांना शिकवायला सहा-सहा महिने लागायचे. वा, वा! ओळख करून द्या मला. कोण शिकवतंय हिला?"

विमान हळूहळू ऑफिससमोर आलं, पंखा थांबला, दार उघडलं. आधी शाळेची कापडी पिशवी बाहेर आली, मग बाई.

साहेबांच्या तोंडातला पुढचा 'वा' तिथेच राहिला.

बाई ऑफिसात शिरल्या, त्यांना बघून जागच्या जागी थांबल्या. मी फाइलींच्या कपाटात काहीतरी शोधायला लागले. त्या कपाटात त्या दिवशी मी काय शोधत होते, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

"अहो, तुम्ही इथे?" बाई म्हणाल्या.

"जादा तास?" साहेब म्हणाले.

"एक तास दहा मिनिटं. आजचे. एकूण पंच्याऐंशी."

"कधीपासून चाललंय हे?"

"लायसन मिळून अकरा महिने होतील. आणि तुमचं काय? परीक्षक बरा झाला का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

"अगं, सांगितलं का नाहीस मला?" साहेबांचा आवाज एकदम उतरला. रागावलेला नव्हता, दुखावलेला होता.

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

"मग? शिकवलं असतं की!"

"स्कूटर शिकवली होतीत आठवतंय? शिट्टी वाजवत मागून धावत होतात. तीन महिने गल्लीतले लोक मला बघून सलाम ठोकायचे. हे मला माझ्या चुका करत करत शिकायचं होतं. कुणी शिट्टी न वाजवता."

साहेबांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. कुंपणापाशी वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी आहे, तिच्याखाली हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पंधरा मिनिटं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी खिडकीकडे पाठ केली होती, पण मला दर मिनिटाला विचारत होत्या, "आहेत का अजून?"

मग साहेब परत आले. बाईंच्या समोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "त्या लँडिंगला मी काय म्हणालो ते ह्या मॅडमना विचार. तू आहेस हे माहीत नसताना म्हणालो. ते मी मागे घेत नाही." मग टोपी काढून म्हणाले, "मला नेशील?"

मी रजिस्टर उघडलं. प्रवाशाच्या रकान्यात विंग कमांडर साहेबांचं नाव लिहिलं आणि हसू दाबायला मान खाली घातली.

पुढच्या शनिवारी ते गेले. विमानात काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं बोलणं बहुतेक जुळतं.

बाईंनी आधी त्यांना पट्टा कसा लावायचा, दार आतून कसं उघडायचं, आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मला माहीत आहे." बाई म्हणाल्या, "प्रवाशाला सांगणं माझं काम आहे." मग सांगितलं, कशालाही हात लावायचा नाही आणि विमान हजार फुटांवर जाईपर्यंत बोलायचं नाही. साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. उंची हजार झाल्याबरोबर बोलायला लागले ते थांबेचनात, हे बाईंचं म्हणणं. साहेबांचं म्हणणं, ते दोनच वाक्यं बोलले. एवढीच काय ती तफावत.

टेकडीच्या अलीकडे ढग खाली आले होते. बाईंनी ते पाहिलं आणि विमान वळवलं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"परत चाललोय. माझं लायसन जमीन दिसत असेल तोवरचं आहे. ढगात शिरायचं नाही."

"अगं, हे काय ढग आहेत? याच्या दसपट ढगांतून मी गेलोय."

"गेला असाल. पण आत्ता विमान माझं आहे."

वीस मिनिटांत ते परत आले. त्यांनी विमान उभं करेपर्यंत ढग उडून गेले, टेकडी लख्ख दिसायला लागली. साहेब खिडकीतून टेकडीकडे आणि बाईंकडे आळीपाळीनं बघत राहिले. "बघ! एवढ्यासाठी परत आलीस. पाच मिनिटं थांबली असतीस तर?"

"उघडलं ना? मग चहा घेऊ आणि परत जाऊ," बाई म्हणाल्या आणि चहा करायला मागे गेल्या.

साहेब माझ्या टेबलाशी आले. कितीतरी वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "मॅडम, दलात आम्हाला परत फिर म्हणून वरून सांगायचे. जा म्हणूनही वरून सांगायचे. कोणत्या विमानात बसायचं, किती वाजता उठायचं, सगळं ठरलेलं. आपण होऊन परत फिरलोय असं मला एकदाही आठवत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तिनं कुणाला विचारलंच नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. वळवलं आणि आली." एवढं बोलून ते उठले आणि कप धुवायला गेले. बावीस वर्षांत कप धुणारा पहिला पायलट मी पाहिला.

त्यानंतर साहेबांचा अभ्यास बाईंनी हातात घेतला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. चुकलेलं उत्तर दहा वेळा लिहून काढायचं. साहेबांनी एकदा तक्रार केली की मी नववीत नाही, तर बाई म्हणाल्या, नववीतली मुलं एवढी उलट बोलत नाहीत. दुसऱ्यांदा परीक्षा झाली, लिफाफा आला, ब्याण्णव. साहेबांनी क्लबात सगळ्यांशी हात मिळवले, झाडूवालीशीसुद्धा. मग हळूच माझ्याजवळ येऊन विचारलं, "तिला किती होते हो?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे मघाशी सांगितलंच. "शहाण्णव," मी म्हटलं.

त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

चाचणीच्या दिवशी चिमणी त्यांच्या शेजारी बसली. तासाभरानं दोघं परत आले. साहेबांचा चेहरा पडलेला, चिमणीचा उजळलेला.

"उडवतात म्हणजे काय उडवतात!" ती म्हणाली. "इंजिन बंद पडलं असं समजा म्हटलं, तर तीन सेकंदांत शेत निवडलं. पहिल्यांदा उतरताना वेग जास्त ठेवला, विमान टेकेचना, अर्धी धावपट्टी तरंगत गेलं. पण दुसऱ्यांदा झकास."

"म्हणजे पास?" मी विचारलं.

"एक गोष्ट सोडून. मी म्हटलं, मी तुमची आत्या आहे असं समजा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतेय, मला काय सांगाल? सर म्हणाले, बसा, पट्टा लावा, हलू नका."

"त्यात काय चुकलं?" साहेब म्हणाले.

"आत्या उतरून घरी गेली असती, सर. तेवढा भाग गुरुवारी परत."

आणि मला कळलं की साहेबांना खरंच जमत नव्हतं. बहुतेक आयुष्य एका खुर्चीच्या विमानात गेलेलं. शिकवतानाही सोबत शिकाऊ पायलट, त्याला नुसते हुकूम सोडायचे; धीर द्यायचा कुणाला आणि कशाला? तीन हजार दोनशे तासांत त्यांनी प्रवासी म्हणून पाहिला नव्हता.

दोन दिवस त्यांनी माझ्यावर सराव केला. माझी ऑफिसची खुर्ची म्हणजे विमानाची सीट, कपाटाचं दार म्हणजे विमानाचं दार. पहिल्या वेळी मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला अटक करताय असं वाटतंय." दुसऱ्या वेळी त्यांनी 'कृपया' घातलं, तरी मी उतरलेच. तिसऱ्या वेळी ते गुडघे वाकवून माझ्या उंचीला आले आणि म्हणाले, "थोडं हलेल, ते नेहमीचंच. पंखाकडे न बघता लांब बघा, म्हणजे बरं वाटेल. पोटात कसंतरी व्हायला लागलं तर लगेच सांगा, लाजू नका. मी परत फिरेन."

"आता बसते," मी म्हटलं.

"चला मग, खरंच नेतो एक दिवस," ते उत्साहानं म्हणाले.

"नको. मी तुम्हाला कागदावर नेते, तेवढं पुरे."

गुरुवारी ते पास झाले. तीन आठवड्यांनी लायसन आलं, लहानसं पुस्तक, आत फोटो. साहेबांनी ते उघडलं, चष्मा लावून सगळं वाचलं, जादा चष्म्याची ओळसुद्धा, आणि आतल्या खिशात ठेवलं. ब्लेझर त्या दिवशी त्यांनी घातलाच नव्हता. साधा शर्ट होता.

मग तो शनिवार आला, जेव्हा दोघं एकत्र निघाले. डोंगरापलीकडच्या गावात त्यांची मुलगी असते, तिच्याकडे जेवून तीनच्या आत परत यायचं होतं. मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "कमांडमध्ये कोण? एकच नाव लिहिता येतं."

"मी," दोघं म्हणाले.

"अगं, माझे तीन हजार दोनशे तास."

"त्यातले या विमानावर किती? सहा. आणि लायसन कुणाचं आधीचं? नंबर बघा ताई, कुणाचा लहान आहे."

"दलात ज्येष्ठता म्हणजे..."

"दल तिकडे. इकडे रजिस्टर."

सात मिनिटं हे चाललं, मी घड्याळ बघत होते. बाहेरून चिमणीनं ओरडून सांगितलं की तिचा विद्यार्थी त्याच विमानाची तीन वाजता वाट बघणार आहे, आणि भांडण जमिनीवर संपवूनच वर जा. शेवटी मीच निकाल दिला. जाताना बाई, येताना साहेब. साहेबांनी गपचूप उजव्या, म्हणजे प्रवाशाच्या बाजूचं दार उघडलं. बाईंनी त्यांना पट्टा, दार, नळकांडं, सगळं पुन्हा एकदा सांगितलं, आणि या खेपेला त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं. मी खिडकीतून पाहिलं.

पावणेतीनला ते परत आले. उतरल्यावर दोघंही हसत होते, आणि बाईंच्या हातात मुलीनं दिलेली फुलझाडाची कुंडी होती, जिचं वजन त्यांनी निघण्याआधी विमानातल्या भाराच्या हिशेबात कागदावर मांडून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी नऊला फोन वाजला. साहेब. "मॅडम, पुढच्या शनिवारी विमान आमच्या नावावर ठेवा. आणि या खेपेला जाताना मी. लिहून ठेवा."

"लिहिलं," मी म्हटलं.

शाळेची मधली सुट्टी झाली तसा परत फोन. बाई. "ताई, ह्यांचा फोन आला होता का? काही का म्हणेनात, जाताना मी."

"लिहिलं," मी म्हटलं.